मोजणारा कोण?

पासवर्ड चार-पाचदा चुकतो आणि पडद्यावर सूचना येते की हे खातं सध्या लॉक झालेलं आहे. अशा वेळी बहुतेक माणसं एकच गोष्ट करतात. तोच पासवर्ड आणखी एकदा, बटणं जरा जोरात दाबून टाईप करतात. या खेपेला तो अगदी बरोबर असला तरी संगणक आत घेत नाही, कारण लॉक लागलेल्या काळात बरोबर पासवर्डलाही नकारच मिळतो. माणसाला वाटतं, आपण पासवर्डच विसरलो. मग लॅपटॉप दुकानात जातो, तिथे कुणीतरी ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणून सांगतं, आणि दहा मिनिटं थांबून सुटला असता असा प्रश्न दहा वर्षांचे फोटो घेऊन बुडतो.

खातं लॉक होणं आणि पासवर्ड विसरणं या दोन निरनिराळ्या अडचणी आहेत. पहिलीवर बहुधा वेळ हाच उपाय असतो. दुसरीत आपण कोण आहोत हे पटवून द्यावं लागतं. किती वेळ थांबायचं आणि कुणाला पटवायचं, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरतं: आपल्या चुका कोण मोजत होतं? आजच्या विंडोज लॅपटॉपवर ही मोजणी चार ठिकाणी होऊ शकते. लॅपटॉपमधली विंडोज मोजते, ऑफिसचा सर्व्हर मोजतो, मायक्रोसॉफ्टचा दूरवरचा सर्व्हर मोजतो, किंवा मदरबोर्डवरची एक चिप मोजते. चौघांचे हिशेब वेगळे आहेत आणि एकाकडचं लॉक दुसरा सोडवू शकत नाही. म्हणून लॉक झाल्यावर पहिलं काम म्हणजे कीबोर्डवरून हात काढून हा प्रश्न स्वतःला विचारणं.

आधी मोजणीची गरज का पडली, ते पाहू. १९७९ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी पासवर्डांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड होते किंवा शब्दकोशात आणि नावांच्या यादीत सहज सापडणारे होते. नऊ वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ला, याच मॉरिस यांच्या मुलाने, रॉबर्ट टॅपन मॉरिसने, सोडलेला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, त्या काळच्या इंटरनेटभर पसरला. त्याच्या पोटात पासवर्ड म्हणून वापरून पाहायच्या ४३२ शब्दांची यादी होती. वडिलांनी दाखवून दिलेली कमजोरी मुलाच्या प्रोग्रामने वापरली, असं हे प्रकरण आहे.

पण त्या वर्मला चुकांची मोजणी थांबवू शकली नसती. तो लॉगिनच्या पडद्यावर शब्द टाईप करत बसला नव्हता. त्या वेळी युनिक्स यंत्रांवर सांकेतिक रूपातले पासवर्ड असलेली फाइल कुणालाही वाचता येई. वर्म ती वाचून आपला हिशेब आपणच करत होता. हा फरक फार मोठा आहे. समजा, पासवर्ड इंग्रजी लहान लिपीतल्या आठ अक्षरांचा आहे. असे सुमारे २०,८८२ कोटी पासवर्ड होऊ शकतात. पासवर्डांची फाइल हाती लागली आणि ते साध्या पद्धतीने साठवलेले असले, तर सेकंदाला १०० कोटी अंदाज तपासणाऱ्या यंत्राला हा सगळा ढीग उपसायला साडेतीन मिनिटं पुरतात. तेच काम लॉगिनच्या पडद्यावरून करायचं, दहा चुकांनंतर दहा मिनिटं थांबायचं, तर दिवसाला १,४४० प्रयत्न होतात आणि वेळ लागतो जवळजवळ चार लाख वर्षं. लॉकआउटची सगळी ताकद या दहा मिनिटांच्या थांबण्यात आहे. तो आपल्याला जाचतो तेव्हा हा आकडा आठवावा.

आता पहिला मोजणारा: लॅपटॉपमधली विंडोज. खातं त्याच संगणकावर तयार केलेलं, कुठल्याही ईमेलला न जोडलेलं असेल, तर चुका तिथेच मोजल्या जातात. किती चुका झाल्यावर लॉक लावायचं, तो आकडा ० ते ९९९ यांत कुठेही ठेवता येतो. शून्य म्हणजे लॉक कधीच नाही. वर्षानुवर्षं बऱ्याच घरगुती संगणकांवर हा आकडा शून्यच असे. मुख्य अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं तर स्थानिक पातळीवर लॉक करण्याची सोयच नव्हती, आणि हल्लेखोर नेमके त्याच खात्यावर अंदाज चालवत. ११ ऑक्टोबर २०२२च्या अपडेटने ती सोय आली, आणि विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर दहा चुका आणि दहा मिनिटं हा नियम आपोआप लागू झाला. म्हणून घरच्या लॅपटॉपवर असं झालं तर पंधरा मिनिटं चहा घेऊन यावं, मगच एकदा शांतपणे टाईप करावं. एका परिस्थितीत मात्र थांबून काही होत नाही. लॉकचा कालावधी शून्य मिनिटं ठेवलेला असेल, तर त्याचा अर्थ ‘लगेच सुटेल’ असा होत नाही. ‘अ‍ॅडमिनने सोडवल्याशिवाय सुटणार नाही’ असा होतो.

त्याच संगणकावर दुसरं अ‍ॅडमिन खातं असेल तर तिथून लॉक काढता येतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत वापरकर्त्यांच्या यादीत जाऊन ‘खातं लॉक आहे’ या चौकटीतली खूण पुसायची, एवढंच काम असतं. पण घाईत लोक खूण पुसण्याऐवजी पासवर्डच बदलून टाकतात, आणि हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं की तसं करू नका. दुसऱ्याने जबरदस्तीने बदललेल्या पासवर्डामुळे त्या खात्याने विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फायली आणि साठवलेले पासवर्ड हातचे जाऊ शकतात, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डापासून बनलेली असते. पासवर्ड खरोखर आठवत नसेल तर आधी चूक पासवर्ड देऊन पडद्यावर ‘पासवर्ड रिसेट करा’ हा दुवा येतो का ते पाहावं. विंडोज १०च्या २०१८च्या आवृत्तीपासून स्थानिक खातं करताना तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं आठवली तर काम तिथेच होतं.

दुसरा मोजणारा ऑफिसचा सर्व्हर. इथे आपण काहीच न करता लॉक होऊ शकतो, आणि आयटीवाल्यांकडे येणाऱ्या तक्रारींतला सगळ्यात चिवट प्रकार हाच. शुक्रवारी पासवर्ड बदलला, सोमवारी खातं लॉक. आयटीवाला सोडवतो, अर्ध्या तासात पुन्हा लॉक. माणूस शपथेवर सांगतो की मी एकदाही चूक टाईप केलं नाही, आणि तो खरंच बोलत असतो. चुका करत असतो त्याचा मोबाईल, ज्यात ऑफिसच्या ईमेलचा जुना पासवर्ड साठवलेला आहे. किंवा मीटिंग रूममधला एखादा संगणक, ज्यावरून तो गेल्या महिन्यात लॉगआउट व्हायला विसरला. किंवा सामायिक फोल्डर जोडताना टिकवून ठेवलेला जुना पासवर्ड. यंत्र थकत नाही, दर काही मिनिटांनी तोच जुना शब्द सर्व्हरला पाठवत राहतं. सर्व्हरच्या नोंदीत ४७४० या क्रमांकाखाली प्रत्येक लॉकआउट लिहिला जातो, आणि चूक कुठल्या संगणकावरून आली त्याचं नावही तिथे असतं. म्हणून आयटीवाल्याला ‘अनलॉक करा’ एवढंच म्हणू नये. ‘४७४०ची नोंद बघून कुठून लॉक होतंय ते सांगा’ म्हणावं. पासवर्ड बदलला त्याच दिवशी फोन, टॅब, घरचा संगणक सगळीकडे तो बदलला तर ही वेळ बहुधा येतच नाही.

अशा वेळी दया दाखवणारा एक नियम मायक्रोसॉफ्टने सर्व्हरमध्ये घालून ठेवला आहे. टाईप केलेला चुकीचा शब्द हा त्या माणसाच्या आधीच्या दोन पासवर्डांपैकी एक असेल, तर तो नाकारला जातो खरा, पण चुकांच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणूनच पासवर्ड बदलल्यावर सवयीने जुनाच टाईप करणारी माणसं बऱ्याचदा वाचतात. त्याहून जुना पासवर्ड पाठवत राहणारं यंत्र मात्र यातून सुटत नाही. क्लाउडवरच्या ऑफिस खात्यांत याच्याही पुढचं पाऊल आहे. तिथे तोच चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा दिला तर ती एकच चूक धरली जाते, आणि ओळखीच्या ठिकाणाहून झालेल्या चुका व अनोळखी ठिकाणाहून झालेल्या चुका वेगवेगळ्या मोजल्या जातात. परदेशातून कुणी तुमच्या नावावर अंदाज चालवत असला, तरी तुम्ही पुण्याच्या ऑफिसातून आत जाऊ शकता.

लॉकआउटचा उलटा त्रासही लोकांनी अनुभवला आहे. २००८च्या अखेरीस कॉन्फिकर नावाचा वर्म पसरला. तो एका संगणकात शिरला की त्याच नेटवर्कवरच्या इतरांचे पासवर्ड अंदाजाने टाईप करून पाहत असे. त्यामुळे कचेऱ्यांत एकाच वेळी धडाधड खाती लॉक होऊ लागली, आणि कित्येक ठिकाणी वर्म शिरल्याचं लक्षात आलं ते त्यामुळेच. लॉकआउटची ही दुसरी बाजू आहे: ज्याला आत शिरायचं नाही, फक्त तुम्हाला बाहेर ठेवायचं आहे, त्याला मुद्दाम चुका करण्याखेरीज काही करावं लागत नाही. तीन चुकांत लॉक ही पद्धत म्हणूनच मला अघोरी वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या साशा ब्रॉस्टॉफ आणि अँजेला सॅसी यांनी २००३ सालीच मांडलं होतं की तीनऐवजी दहा प्रयत्न द्यावेत, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांना पासवर्ड रिसेट करून मागण्याची वेळ कमी येईल. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७च्या नियमावलीत लागोपाठच्या चुकांची कमाल मर्यादा १०० ठेवली आहे. तरीही तीनचा आकडा कचेऱ्यांतून हलत नाही.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक बारकावा. आयटीवाल्याने सर्व्हरवर पासवर्ड बदलून दिला तरी घरी असलेल्या लॅपटॉपला ते कळलेलं नसतं. तो सर्व्हरला जोडला जाईपर्यंत आपल्याजवळ साठवलेला जुना पासवर्डच ओळखतो. ‘नवा पासवर्ड चालत नाही’ ही तक्रार अशी तयार होते. जुन्याने आत शिरायचं, ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन चालू करायचं, मग स्क्रीन लॉक करून नव्याने उघडायचं.

तिसरा मोजणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर. लॉगिनच्या पडद्यावर नावाखाली ईमेलचा पत्ता दिसत असेल तर बहुधा हेच खातं असतं. हा सर्व्हर जगभर उघडा असल्याने त्याच्यावर कुठूनही अंदाज चालवले जातात. लॉक होण्यात तुमची चूक असेलच असं नाही. इथे लॅपटॉपशी झटापट करू नये. मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या पानावर जावं, नोंदवलेल्या फोनवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड मागवावा, पासवर्ड बदलावा, आणि मग लॅपटॉपला इंटरनेट जोडून नवा पासवर्ड द्यावा. इंटरनेटशिवाय लॅपटॉपला या बदलाचा पत्ता लागत नाही. नोंदवलेला फोन नंबर बंद झालेला असेल तर मात्र अडचण वाढते. ओळखीची सगळी साधनं एकदम बदलायला निघालात तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. कुणी चोराने ती बदलली असतील तर खऱ्या मालकाला विरोध करायला वेळ मिळावा, म्हणून हा महिना. सिम कार्ड बदललं की बँकेत नंबर बदलायची आठवण आपल्याला राहते. या खात्याची राहत नाही, आणि ती राहायला हवी.

चौथा मोजणारा सगळ्यात कठोर आहे, कारण तो सॉफ्टवेअरच्या हुकमतीबाहेरचा आहे. टीपीएम ही मदरबोर्डवरची सुरक्षा चिप. आपण चार किंवा सहा आकड्यांचा पिन देतो तेव्हा सहसा ही चिपच तो तपासते आणि चुकाही तीच मोजते. विंडोजने तिला सांगून ठेवलेला हिशेब असा: ३२ चुकांनंतर बंद, आणि दर दहा मिनिटांनी एक चूक माफ. म्हणजे हल्लेखोराला पहिल्या ३२ नंतर दिवसाला १४४ प्रयत्न. सहा आकड्यांचे दहा लाख पिन या गतीने तपासायला १९ वर्षं लागतात. इवलासा पिन सुरक्षित कसा, याचं उत्तर हेच. तो फक्त या यंत्रावर चालतो आणि यंत्रातली चिप घाई करू देत नाही.

चुकांची मोजणी किती मोलाची असते ते २०१६ साली अमेरिकेत दिसलं. आदल्या वर्षी डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला झालेल्या हल्ल्यातल्या एका हल्लेखोराचा आयफोन एफबीआयच्या हाती होता. दहा चुकांनंतर त्यातली माहिती पुसली जाण्याची भीती होती. १६ फेब्रुवारीला न्यायालयाने अ‍ॅपलला ही मोजणी आणि मधले थांबे काढून टाकणारं सॉफ्टवेअर लिहायला सांगितलं. अ‍ॅपलने नकार दिला. चार आकड्यांचे पिन १०,००० असतात, आणि आयफोनमध्ये एक प्रयत्न तपासायला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. मोजणी नसती तर तो फोन उघडायला चौदा मिनिटंही लागली नसती. एवढ्या मोठ्या सरकारी यंत्रणेला अडवलं होतं ते चुकांच्या एका हिशेबाने. मार्चमध्ये दुसऱ्या कुणाच्या मदतीने फोन उघडला आणि खटला मागे घेतला गेला.

लॅपटॉपवर पिन अनेकदा चुकला की विंडोज एक गंमतशीर वाटणारी मागणी करते: ए-१-बी-२-सी-३ ही अक्षरं टाईप करा. कीबोर्डवर पुस्तक पडलेलं नाही, मूल खेळत नाही, समोर माणूस आहे, याची ती खात्री असते. या मागणीचा आपल्याला आणखी एक उपयोग आहे. इथली अक्षरं ठिपक्यांआड लपत नाहीत, डोळ्यांना दिसतात. दाबलं एक आणि उमटलं दुसरंच, तर दोष आठवणीत नाही, कीबोर्डात आहे.

हा दोष वाटतो त्यापेक्षा पुष्कळदा निघतो. कॅप्स लॉक सगळ्यांना माहीत आहे. जुन्या छोट्या लॅपटॉपांवर नम लॉक चालू राहिलं की जे, के, एल ही बटणं १, २, ३ आणि यू, आय, ओ ही ४, ५, ६ होऊन बसतात. मराठीत लिहिणाऱ्यांचा तर खास घोटाळा असतो: मराठी कीबोर्ड निवडलेला राहतो आणि पासवर्डाच्या ठिपक्यांआड देवनागरी अक्षरं जमत जातात. लॉगिनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती बदलून पाहावी. पासवर्डाच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून काय उमटलंय ते बघावं. एखादं बटणच मेलं असेल तर त्याच पडद्यावर सुलभतेच्या सोयींमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड मिळतो. आणि पिन चिपने अडवला तरी पासवर्डाची वाट मोकळी असू शकते. ‘साइन-इनचे पर्याय’ उघडून ती दिसते का पाहावं. मोजणारे वेगळे असल्याचा हा फायदा.



या सगळ्या गोंधळात माणूस इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधतो, आणि तिथे फसवणारे टपून असतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. पडद्यावर नंबर झळकला तर तो खोटा समजावा. मोबाईलवर आलेला कोड कुणी फोनवर मागितला तर तो देऊ नये. फसवणूक झालीच आणि पैसे गेले, तर देशभर चालणारा १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक लगेच लावावा. व्हिडिओंतून शिकवल्या जाणाऱ्या, विंडोजच्या फायली बदलून मागच्या दाराने शिरायच्या युक्त्याही टाळाव्यात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्या चालत नाहीत, आणि हात मात्र फायलींना लागलेला असतो.

हल्लीच्या विंडोज ११ लॅपटॉपांवर डिस्क बऱ्याचदा आपोआपच एन्क्रिप्ट झालेली असते. चिपला काही वावगं वाटलं, बायोस बदललं, मदरबोर्ड दुरुस्त झाला, की निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या एन्क्रिप्शनच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली जाते. काही कंपन्या तर ठरावीक चुकांनंतर यंत्र स्वतःहून या पडद्यावर जाईल अशी व्यवस्था करतात. इथे थांबून काहीच सुटत नाही. ही की ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर चूक त्या गटापाशीच पकडता येते. ४८ आकडे घाबरलेला माणूसही टाईप करू शकेल, असा विचार करणाऱ्याचं मला कौतुक वाटतं.

की जाते कुठे? लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन झालं, बहुधा त्याच्या खात्यात. घरोघरी खरी गोम इथे आहे. आईबाबांचा लॅपटॉप अमेरिकेतल्या मुलीने सुट्टीत येऊन आपल्या ईमेलने सुरू करून दिलेला असतो, किंवा दुकानदाराने आपलंच खातं घालून दिलेलं असतं. मग की मुलीकडे असते, किंवा दुकानदाराकडे, आणि ती आपल्याकडे आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं. कंपन्यांचंही असंच होतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पडले. ते उठवायला कित्येक ठिकाणी बिटलॉकरच्या किल्ल्या लागल्या, आणि काही कंपन्यांच्या किल्ल्या त्याच दिवशी पडलेल्या सर्व्हरवर होत्या.

त्यामुळे लॅपटॉप सुरळीत चालू असतानाच मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन रिकव्हरी की पाहून घ्यावी आणि कागदावर उतरवावी. एका खात्यात तीन-चार यंत्रांच्या किल्ल्या असू शकतात, म्हणून ४८ आकड्यांशेजारी त्या कीच्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरं आणि लॅपटॉपचं नावही लिहावं. निळ्या पडद्यावर तोच ओळख क्रमांक दिसतो आणि त्यावरून कुठली की घालायची ते कळतं. कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये. बॅग चोरीला गेली तर दोन्ही एकाच्याच हाती जातात.